नोकरी सोडून कन्सल्टंट झालात? मग घरातल्या टॅक्सचा हिशेब नव्याने मांडा

माझी नणंद गेल्या वर्षी जूनपर्यंत दादरच्या एका इंटिरियर फर्ममध्ये पगारावर होती. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून तू कन्सल्टंट म्हणून ये, काम तेच, पैसे जास्त. साठचे नव्वद हजार झाले म्हणून घरात पेढे आले आणि पहिल्या महिन्यात अकाउंटला आले एक्याऐंशी हजार. रात्री साडेदहाला फोन, "वहिनी, नऊ हजार कुठे गेले?"

तिला जे तेव्हा फोनवर आणि नंतर आमच्या मुलुंडच्या घरी डायनिंग टेबलावर कागद पसरून सांगितलं तेच इथे लिहितेय. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम करते, नवरा नोकरीवाला, म्हणजे अर्ध्या मुंबईतल्या घरांसारखंच आमचं घर आहे. मी सीए नाही. पण पहिल्या वर्षी चांगला फटका खाल्लाय, तो पुढे सांगते. आकडे सगळे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत, ज्याचा रिटर्न २०२६ मध्ये भरायचाय. कलमांचे नंबर मी १९६१ च्या जुन्या कायद्यातले देतेय कारण हा रिटर्न त्यानुसारच आहे आणि सगळे अजून त्याच नंबरांनी बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेवढं डोक्यात ठेवा.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते कारण सगळा घोळ तिथूनच होतो. आपल्याकडे नवरा-बायकोचा एकत्र रिटर्न असा प्रकारच नाही. घरात भाजीपासून ईएमआयपर्यंत सगळं एका खिशातून चालत असलं तरी इन्कम टॅक्सवाल्यांच्या लेखी तुम्ही दोन वेगळे पॅन, दोन वेगळी माणसं आहात. त्यामुळे ठरवायचं दोघांनी बसून, पण कागद ठेवायचे एकेकट्याचे.

आधी पॅन आणि आधार तपासा, खासकरून बायकांनी

लग्नानंतर नाव बदललं असेल तर हे पहिलं काम. आपल्याकडे आडनावच नाही तर मधलं नावही बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. मग आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत तिसरंच. पॅनचा नंबर लग्नाने बदलत नाही, फक्त नावाची दुरुस्ती करायची असते, दुसरं पॅन काढायचं नाही. नाव जुळत नाही म्हणून आधार लिंक अडकलं आणि पॅन इनऑपरेटिव्ह झालं तर क्लायंट १० टक्क्यांच्या जागी २० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापतो. नाव बदलायचंच नसेल तर तेही चालतं, कायद्याने सक्ती नाही, पण मग तिन्हीकडे एकच ठेवा.

दुसरं म्हणजे कामाच्या पैशांसाठी फक्त स्वतःच्या नावाचं वेगळं अकाउंट. नवऱ्याबरोबरच्या जॉइंट अकाउंटला क्लायंटचे पैसे घेऊ नका. चुकीचं आहे असं नाही पण वर्षअखेरीला त्यातलं कामाचं काय, नवऱ्याच्या पगाराचं काय, सोसायटीच्या मेंटेनन्सचं काय हे वेगळं काढताना डोकं फिरतं, आणि ज्याचं नाव पहिलं त्याच्या पॅनवर व्याज दिसतं ते वेगळंच. तुमच्या अकाउंटवरून दर महिन्याला घरखर्चाला ठराविक रक्कम जॉइंटला टाका की झालं.

अ‍ॅग्रीमेंट वाचा, टीडीएस कुठल्या कलमाखाली ते विचारा

कन्सल्टन्सी अ‍ॅग्रीमेंट सही करायच्या आधी अकाउंट्सच्या माणसाला एकच प्रश्न विचारा, टीडीएस १९४जे मध्ये कापणार की १९४सी मध्ये? प्रोफेशनल फी असेल तर १९४जे, १० टक्के, वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की (आधी ही मर्यादा ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढली). टेक्निकल सर्व्हिसेस म्हटलं तर त्याच कलमात २ टक्के. कामाचं कंत्राट म्हटलं तर १९४सी, एकट्या माणसाला १ टक्का. नणंदेचे नऊ हजार म्हणजे नव्वदचे दहा टक्के, बाकी काही नाही.

आता वाटेल की १ टक्का कापणारा क्लायंट चांगला. मलाही तसंच वाटलं होतं! माझं पहिलं वर्ष २०२१-२२. सप्टेंबरपर्यंत नोकरी, सहा महिन्यांचा पगार ६ लाख. कंपनीने ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी सरसकट वजावट) आणि ८०सी चे (पीपीएफसारख्या गुंतवणुकीचे) दीड लाख वजा करून ४ लाख धरले, रिबेटमध्ये (ठराविक इन्कमच्या आत टॅक्स माफ) बसले, टॅक्स शून्य. मग ऑक्टोबरपासून पवईच्या एका कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट, सहा महिन्यांत ६ लाख, त्यांनी कापले १ टक्का म्हणजे सहा हजार. मी खूश. टीडीएस कापलाय म्हणजे टॅक्स भरला असं मी धरून चालले होते. जुलैत रिटर्न भरायला बसले तर पगाराचे ४ लाख अधिक कॉन्ट्रॅक्टचे निम्मे ३ लाख (निम्मेच का ते पुढे सांगते) मिळून ७ लाख, रिबेट गेला, टॅक्स ५४,६०० आला, त्यातून सहा हजार वजा, राहिले ४८,६०० आणि वर साधारण चोवीसशे व्याज. त्याच महिन्यात मुलाची शाळेची फी. नवऱ्याने काही बोललं नाही, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं.

टीडीएस म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेला आगाऊ हप्ता. खरा टॅक्स किती ते वर्षाच्या सगळ्या इन्कमवर ठरतं. जुनी कंपनी आणि नवा क्लायंट एकमेकांशी बोलत नसतात, बेरीज तुम्हालाच करायची असते.

आणि कन्सल्टंट झाल्यावर पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी सुट्टी नाही, कंपनीचा मेडिक्लेम नाही. साठचे नव्वद ऐकायला मस्त वाटतात, पण दोघांचा आणि मुलांचा मेडिक्लेम स्वतः घेतल्यावर त्यातले किती उरतात ते मोजा. जोडीदाराच्या कंपनीच्या पॉलिसीत तुम्ही बसत असाल तर त्याच आठवड्यात नाव घालून घ्या, बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच खिडकी उघडते. पीएफ काढायची घाई पण करू नका, सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर त्यावर टॅक्स लागतो.

४४एडीए म्हणजे निम्म्याचा नियम

यावर जरा थांबते कारण कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी सगळ्यात कामाचं कलम हेच आहे आणि यावरच सगळ्यात जास्त ऐकीव गप्पा चालतात.

ठराविक व्यवसायांना सरकार म्हणतं की बाबांनो खर्चाच्या पावत्या दाखवू नका, जेवढे पैसे आले त्याच्या निम्मे नफा समजा आणि त्यावर टॅक्स भरा. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत हवी, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. व्यवसाय कुठले? वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, टेक्निकल कन्सल्टन्सी, इंटिरियर डेकोरेशन, आयटी, कंपनी सेक्रेटरी, आणि आपल्या मुंबईसाठी महत्त्वाचं म्हणजे फिल्म आर्टिस्ट. त्यात नुसते हिरो-हिरोईन नाहीत, कॅमेरामन, एडिटर, गीतकार, गायक, डान्स डायरेक्टर, पटकथा-संवाद लिहिणारे, ड्रेस डिझायनर सगळे येतात. गोरेगावच्या फिल्मसिटीत काम करणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं.

आता नणंदेचा हिशेब बघा. एप्रिल ते जून पगार १,८०,०००. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० पूर्ण मिळतं, तीनच महिने पगार असला तरी. राहिले १,०५,०००. जुलै ते मार्च नऊ महिने नव्वद हजार म्हणजे ८,१०,०००, त्याचे निम्मे ४,०५,०००. एकूण ५,१०,०००. नव्या रेजीममध्ये (टॅक्स मोजायच्या दोन पद्धतींपैकी नवी) १२ लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळे टॅक्स शून्य. आणि टीडीएस कापला गेलाय ८१,०००, तो सगळाच्या सगळा परत! जे नऊ-नऊ हजार गेले म्हणून ती रडत होती ते तिची बिशीच झाली म्हणायची.

नव्या रेजीमचे स्लॅब एकदा लिहून ठेवा. ४ लाखांपर्यंत काही नाही, मग ८ पर्यंत ५ टक्के, १२ पर्यंत १०, १६ पर्यंत १५, २० पर्यंत २०, २४ पर्यंत २५ आणि पुढे ३०, वर ४ टक्के सेस. समजा वर्षाला ३० लाख आले, निम्मे १५ लाख, तर टॅक्स २०,००० अधिक ४०,००० अधिक ४५,००० म्हणजे १,०५,०००, सेस धरून १,०९,२००. १२ लाखांच्या जरासं वर गेलात, म्हणजे एफडीचं ३०,००० व्याज धरून १२,३०,००० झालं, तर पूर्ण टॅक्स लागत नाही, मार्जिनल रिलीफमुळे वरचे ३०,००० आणि त्यावर सेस एवढंच. पण शेअर्सवरच्या कॅपिटल गेनसारखं ज्याचा दर वेगळा आहे त्या टॅक्सला हा रिबेट लागत नाही, त्यात गल्लत करू नका. ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन फक्त पगारावर, कन्सल्टन्सी फीवर नाही, हेही खूप जण चुकवतात.

आता यातले खड्डे. एक, निम्म्यातून परत लॅपटॉप, इंटरनेट, ओला-उबर वजा करता येत नाही, सगळा खर्च त्या निम्म्यात आलाच. दोन, खर्च खरंच जास्त आहे आणि नफा निम्म्यापेक्षा कमी दाखवायचाय तर मग हिशेबाची पुस्तकं आणि सीएकडून ऑडिट, एकूण इन्कम टॅक्स लागण्याच्या मर्यादेच्या वर असेल तर. तीन, बँक. कल्याणला किंवा विरारला घर बघताय, लोन हवंय, तर बँक सेल्फ-एम्प्लॉइड माणसाचे दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते आणि त्यात तुमचं इन्कम निम्मंच दिसतं. पुढच्या दोन वर्षांत घराचं डोक्यात असेल तर निम्म्यापेक्षा जास्त दाखवून थोडा टॅक्स भरणं परवडू शकतं, खरा नफा तेवढा असेल तर ते बरोबरही आहे, कायदा निम्मे किंवा त्याहून जास्त असंच म्हणतो. आमच्या घरात या विषयावर दोन रविवार भांडण झालंय.

यादीत नसलेली कामं, म्हणजे कंटेंट रायटिंग, क्लासेस, सोशल मीडिया सांभाळणं वगैरे, त्यांनी डोळे मिटून ४४एडीए लावू नका. व्यवसाय म्हणून ४४एडी नावाचं वेगळं कलम आहे, त्यात बँकेतून आलेल्या पैशांवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात, पण कमिशन-दलालीला ते चालत नाही आणि एकदा घेऊन मध्येच सोडलं तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. तुमचं काम कशात बसतं हा एकच प्रश्न घेऊन सीएकडे जा, ती फी वसूल होते.

नवी की जुनी रेजीम, आणि दोघांची वेगळी असू शकते का

असू शकते. नवऱ्याची जुनी, बायकोची नवी, कोणी अडवत नाही. नवऱ्याला पगारात एचआरए आहे, घराचं भाडं तो भरतो, होमलोनचं व्याज आहे, तर त्याला जुनी परवडेल, आणि तुम्हाला १२ लाखांच्या आत नवीच. म्हणून दोघांचे हिशेब एकाच संध्याकाळी करा. ८०सी चा पीपीएफ, आई-वडिलांचा मेडिक्लेम हे ज्याला जुन्या रेजीममध्ये उपयोग आहे त्यानेच भरलेलं बरं. जोडीदाराच्या नावच्या पीपीएफमध्ये पैसे भरले तरी भरणाऱ्याला ८०सी मिळतं. भाड्याचं मात्र एकच, तेच भाडं नवऱ्याने एचआरएला दाखवलं आणि तुम्ही ८०जीजी मध्ये (एचआरए नसलेल्यांची भाड्याची वजावट) दाखवलं असं करायचं नाही.

नोकरदार माणूस दर वर्षी रेजीम बदलू शकतो. तुम्ही नाही, आणि हे कोणी सांगत नाही. धंदा-व्यवसायाचं इन्कम असलं की जुनी रेजीम घ्यायला १०-आयईए नावाचा फॉर्म रिटर्नच्या मुदतीच्या आत भरावा लागतो, आणि एकदा जुनीत जाऊन परत नवीत आलात की ते व्यवसायाचं इन्कम चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. माझं सरळ मत, १२ लाखांच्या आत असाल तर हा फॉर्म उघडूच नका.

बायकोला पगार दाखव, एफडी तिच्या नावावर कर

हा सल्ला प्रत्येक लग्नात, बारशात एखादे काका देतातच. नीट समजून घ्या.

नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्या देण्यावर टॅक्स नाही. पण त्या पैशांची तिने एफडी केली तर व्याज नवऱ्याच्या इन्कममध्ये मिळवतात, कलम ६४, यालाच क्लबिंग म्हणतात. नणंदेच्या नवऱ्याने अगदी हेच केलं होतं, तिचं इन्कम आता कमी दिसणार म्हणून ३ लाखांची एफडी तिच्या नावावर. व्याज दिसतंय तिच्या एआयएसमध्ये (टॅक्स पोर्टलवरची तिच्या पॅनच्या व्यवहारांची यादी), टॅक्स भरायचाय याने. पुढे त्या व्याजाचे पैसे परत गुंतवले तर त्यावर जे मिळेल ते मात्र तिचं. उलट बाजूनेही तसंच, बायकोने नवऱ्याच्या नावावर केलं तरी. स्वतःच्या कमाईचे पैसे स्वतःच्या नावावर असतील तर काहीच प्रश्न नाही, म्हणून म्हटलं अकाउंट वेगळं ठेवा, कारण पैसे कोणाचे हे सिद्ध करायची वेळ येते तेव्हा पासबुकच बोलतं.

आता पगार दाखवण्याचं. तुमच्या कामातून जोडीदाराला पगार दिला आणि त्याच्याकडे त्या कामाचं टेक्निकल किंवा प्रोफेशनल शिक्षण-अनुभव नसेल तर तो पगारही तुमच्याच इन्कममध्ये क्लब होतो. आणि गंमत अशी की तुम्ही ४४एडीए मध्ये असाल तर पगाराचा खर्च तसाही वजा होत नाही. म्हणजे वजा काहीच नाही आणि घरात एक करपात्र इन्कम उगाच जास्त. काकांना हसून चहा द्या आणि सोडून द्या.

अ‍ॅडव्हान्स टॅक्स

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा वर राहणार असेल तर आगाऊ भरावा लागतो. साधारण नियम असा की १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. ४४एडीए किंवा ४४एडी वाल्यांना सूट आहे, एकदम १५ मार्चपर्यंत भरला तरी चालतं. चुकलं तर महिन्याला १ टक्का व्याज, माझे चोवीसशे त्यातलेच. परदेशी क्लायंट असेल तर तो टीडीएस कापतच नाही, मग हे सगळं तुमच्यावरच. मी प्रत्येक पेमेंट आलं की १५ टक्के बाजूला एका वेगळ्या अकाउंटला टाकते आणि त्या पैशांना गणपतीतही हात लावत नाही. उरले तर मे महिन्यात गावाला जायला होतात.

प्रोफेशन टॅक्स, तो महाराष्ट्राचा

नोकरीत असताना पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जायचे ते आठवतंय? ते २,५०० आता स्वतः भरायचे. महाजीएसटीच्या साइटवर पीटीईसी नावाचं एनरोलमेंट काढायचं आणि दर वर्षी ३० जूनच्या आत २,५०० भरायचे. एका माणसावर वर्षाला २,५०० च्या वर हा कर लागत नाही, ती मर्यादा राज्यघटनेतच आहे. रक्कम छोटी म्हणून लोक विसरतात आणि मग काही वर्षांनी मागचं सगळं व्याज-दंडासकट निघतं. अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाका.

जीएसटी

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की रजिस्ट्रेशन घ्यावंच लागतं. हे २० लाख पूर्ण बिलाचे, ४४एडीए चे निम्मे नाही. परदेशी क्लायंटची बिलंही यात मोजली जातात, त्यावर टॅक्स लागत नसला तरी. बंगळुरूच्या क्लायंटला बिल केलं म्हणून २० लाखांच्या आतल्या सेवावाल्याला लगेच नंबर काढायची गरज नाही, ही भीती बऱ्याच जणांना घातली जाते. नंबर नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही म्हणजे नाही.

नंबर घेतल्यावर बहुतेक कामांना १८ टक्के. ते पैसे तुमचे नाहीत, आले की बाजूला. आणि इथे जाच असा की बिल काढलं की जीएसटी देय होतो, क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत. एका क्लायंटने माझं बिल चार महिने लटकवलं, मी त्याचा जीएसटी खिशातून भरून बसले होते. म्हणून आता मोठं काम असेल तर आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवते, पैसे यायची चिन्हं दिसली की टॅक्स इनव्हॉइस. पण काम पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत इनव्हॉइस काढावंच लागतं, त्यामुळे हे ताणायलाही मर्यादा आहे.

बिल आणि उद्यम

बिलावर नंबर, तारीख, तुमचं नाव-पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, रक्कम आणि बँक डिटेल्स. नंबर ओळीने, मध्ये गाळायचा नाही. एक्सेलमध्ये चार कॉलम करा, बिल किती, आले किती, टीडीएस किती, २६एएस मध्ये (पोर्टलवरचा तुमच्या पॅनवर जमा टॅक्सचा उतारा) दिसला का. बस.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होतं, आधार आणि पॅनवर, कोणाला हजार-दोन हजार देऊ नका. फायदा काय, तर तुम्ही मायक्रो एंटरप्राइज ठरता आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये काहीही लिहिलं तरी क्लायंटने ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, लेखी काही नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे उद्यमचा नंबर बिलावर छापला की मार्चमध्ये अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात. नव्वद दिवसांनी पेमेंटची सवय असलेल्या लाइनमध्ये हे हत्यार जवळ असलेलं बरं, रोज काढायचं नाही, पण आहे हे दिसू द्यायचं.

रिटर्न भरताना

एप्रिलमध्ये घाई करू नका. जानेवारी ते मार्चचा टीडीएस क्लायंट मे अखेरपर्यंत दाखवतो आणि फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचं सर्टिफिकेट) जूनच्या मध्यापर्यंत येतो. १५ जूननंतर २६एएस आणि एआयएस उघडा आणि आपल्या एक्सेलशी एकेक ओळ जुळवा. माझा एकदा एका तिमाहीचा टीडीएस दिसेचना, क्लायंटने पॅनमध्ये एक अक्षर चुकवलं होतं. त्यांना मेल करून टीडीएसचा रिटर्न दुरुस्त करून घ्यायला दोन महिने गेले. पैसे कापले असले तरी २६एएस मध्ये नसेल तर क्रेडिट घेताना त्रास होतोच, म्हणून दर तिमाहीला बघा.

४४एडीए किंवा ४४एडी, एकूण इन्कम ५० लाखांच्या आत, तर रिटर्नचा फॉर्म आयटीआर-४. नोकरीचे काही महिने असतील तर पगारही त्यातच दाखवता येतो. शेअर्स विकून शॉर्ट टर्म नफा झालाय, परदेशात काही मालमत्ता आहे, कुठल्या कंपनीत डायरेक्टर आहात, किंवा पुस्तकं ठेवून खरा खर्च दाखवताय, तर आयटीआर-३. तारीख ऑडिट नसलेल्या व्यवसायवाल्यांना या वर्षापासून ३१ ऑगस्ट आहे, नोकरदारांना ३१ जुलैच, तीच धरून चाला, मागच्या वर्षी मुदत वाढून सप्टेंबरपर्यंत गेली म्हणून दर वेळी वाढेल असं नाही. उशीर झाला तर ५,००० लेट फी, इन्कम ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

भरल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करायचं, आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होतं, ते केलं नाही तर रिटर्न भरलाच नाही असं धरतात. आणि रिफंडचं अकाउंट पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करून ठेवा. नणंदेचं तिथेच अडकलंय, पॅनवर सासरचं नाव, बँकेत अजून माहेरचं. तिला म्हटलं आधी मॅरेज सर्टिफिकेट घेऊन बँकेत जा, ८१,००० यायचेत.